टेस्टोस्टेरॉनचा आकडा तुमच्या स्नायूंबद्दल किती सांगतो?

व्यायाम मनापासून करणारा एखादा तरुण रक्त तपासून घेतो. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापुढे ४३० लिहिलेलं असतं आणि बरोबरच्या मित्राच्या रिपोर्टवर ७८०. लगेच मनात हिशोब मांडला जातो: त्याचे दंड भरलेले आहेत ते यामुळेच, आणि माझ्या पोटावरची चरबी हटत नाही तीही यामुळेच. हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो. निरोगी पुरुषांच्या नैसर्गिक पातळीत असा फरक असला, तरी त्याचा स्नायूंवर होणारा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. उलट अंगावरची चरबी, खाणं आणि झोप यांमुळे तो आकडा चांगलाच हलतो. म्हणजे ज्याला आपण कारण समजतो, तो पुष्कळदा परिणाम असतो. हे नीट उमगलं तर पैसा वाचतो, काळजी वाचते आणि काही जणांच्या बाबतीत पुढे मूल होण्याची क्षमताही वाचते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हुकूम मेंदूचा, काम वृषणांचं

पुरुषाच्या शरीरातलं सुमारे ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन वृषणांमधल्या लायडिग पेशी तयार करतात. उरलेलं थोडंसं मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येतं. ते बनतं कोलेस्टेरॉलपासून, आणि दिवसभरात तयार होणारं एकूण प्रमाण असतं फक्त काही मिलिग्रॅम.

किती बनवायचं हे वृषणं स्वतः ठरवत नाहीत. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाचा संदेश सोडतो. तो पोचला की पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि एलएच वृषणांना कामाला लावतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला ते कळतं आणि वरून येणारा हुकूम मंदावतो. पाण्याच्या टाकीतला फ्लोट वर आला की नळ आपोआप बंद होतो, तशीच ही व्यवस्था आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर काय होतं याचं उत्तरही याच व्यवस्थेत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

रक्तात उतरलेलं टेस्टोस्टेरॉन बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातलं एक अल्ब्युमिन; त्याची पकड सैल असते. दुसरं एसएचबीजी, त्याची पकड घट्ट. पूर्णपणे मोकळं असतं ते जेमतेम १ ते ३ टक्के, आणि पेशींमध्ये सहज शिरतं ते हेच. रिपोर्टवर साधारणपणे ‘टोटल’ म्हणजे एकूण टेस्टोस्टेरॉन छापलेलं असतं. आता एसएचबीजी सगळ्यांच्या शरीरात सारखं नसतं. लठ्ठपणात आणि रक्तात इन्सुलिन चढं असताना ते घटतं, वय वाढलं की वाढतं, दीर्घकाळ कमी खाल्लं तरी वाढतं. त्यामुळे जाड माणसाचं एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं तरी मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. उलट लांब पल्ल्याचं धावणाऱ्या एखाद्या काटकुळ्या माणसाचा एकूण आकडा भक्कम दिसतो, पण त्याला वापरायला मिळणारा भाग त्या मानाने कमी असतो. नुसत्या एकूण आकड्यावरून दोघांची तुलना करणं म्हणूनच कच्चं काम आहे.

रिपोर्ट वाचताना

‘नॉर्मल’ म्हणजे किती? २०१७ साली अमेरिका आणि युरोपातल्या ९ हजारांहून जास्त पुरुषांच्या नमुन्यांवरून एक सामाईक पट्टा ठरवला गेला. १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी तो २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असा आहे. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. त्या आकड्याला साधारण २८.८ ने गुणलं की नॅनोग्रॅममधला आकडा मिळतो. रिपोर्टवर १५ दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, ते सुमारे ४३० होतं.

हा पट्टा कसा काढतात हेही बघण्यासारखं आहे. निरोगी पुरुषांची रांग लावायची, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. ९१६ हे कुणी गाठायचं लक्ष्य नाही आणि २६४ ही आजाराची रेषा नाही. हा केवळ निरोगी माणसांमध्ये दिसणारा पसारा आहे, आणि तो साडेतीनपट रुंद आहे. निरोगी पुरुषांच्या बिनचरबीच्या वजनात साडेतीनपट फरक कधीच दिसत नाही. नुसता एवढा विचार केला तरी आकडा आणि स्नायू यांचं नातं सरळसोट नाही हे लक्षात येतं.

शिवाय आकडा स्वतःच स्थिर नसतो. तरुणांमध्ये तो पहाटे-सकाळी सर्वांत वर असतो आणि संध्याकाळपर्यंत पाव हिश्श्याच्या आसपास उतरू शकतो. पोटभर गोड खाल्ल्यावर तो काही तास खाली जातो. ताप, आजारपण, अपुरी झोप, नुकताच केलेला फार दमवणारा व्यायाम, यातलं काहीही त्याला खाली खेचतं. म्हणून तपासणी सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी करायची आणि कमी आली तर वेगळ्या दिवशी पुन्हा करायची असा डॉक्टरांच्या संघटनांचा सल्ला आहे. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन ३०० च्या खालच्या आकड्याला कमी मानते, पण तेही दोन वेगवेगळ्या सकाळी तसा आला आणि सोबत लक्षणं असली तरच. जिममधून घामेजलेल्या अंगाने, दुपारी जेवून, एकदाच दिलेल्या रक्तावर कुणी निदान करून घेत असेल तर त्या कागदाला फार किंमत देऊ नये.

स्नायूंमध्ये नेमकं काय घडतं

मुलगा वयात येतो तेव्हा टेस्टोस्टेरॉन लहानपणीच्या तुलनेत २० ते ३० पटींनी वाढतं. खांदे रुंदावतात, आवाज फुटतो, मांड्या-दंडांना आकार येतो. त्यामुळे या संप्रेरकाचा स्नायूंशी संबंधच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ते स्नायूच्या पेशीत शिरतं, तिथल्या अँड्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, जोडलं जातं आणि ही जोडी थेट जनुकांच्या कामात हात घालते. प्रथिनं बनण्याचा वेग वाढतो. स्नायूतंतूंच्या कडेला झोपून असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन तंतूंमध्ये नवी केंद्रकं भरतात. आणि ज्या मूळ पेशी पुढे स्नायू किंवा चरबी यांपैकी काहीही होऊ शकतात, त्यांना ते स्नायूच्या वाटेकडे वळवतं.

मग पातळीतल्या फरकाचा परिणाम लहान कसा? याचं उत्तर काही नेटक्या प्रयोगांतून मिळतं, आणि ते प्रयोग मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांत आकडा संशोधकांनी स्वतः हलवून पाहिला.

शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ मधला प्रयोग घ्या. १८ ते ३५ वयाच्या ६१ निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि २० आठवडे प्रत्येकाला दर आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिलं. ताकदीचा व्यायाम करायचा नाही अशी अट होती. रक्तातली पातळी सर्वांत कमी डोसच्या गटात २५० च्या आसपास, तर सर्वांत जास्त डोसच्या गटात २,३०० च्या वर गेली. वरच्या गटाचं बिनचरबीचं वजन जवळपास ८ किलोंनी वाढलं. खालच्या गटांची चरबी वाढली. म्हणजे डोसचा परिणाम स्पष्ट दिसला. पण त्या परिणामाची चाल बघा: वाढ टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याबरोबर सरळ रेषेत होत नव्हती, ती त्याच्या लॉगॅरिदमशी जुळत होती. सोप्या शब्दांत, प्रत्येक वेळी तेवढाच फायदा हवा असेल तर पातळी दुप्पट करावी लागते. २५० वरून ५०० वर गेल्यावर जे मिळतं, तेच पुन्हा मिळवायला ५०० वरून १,००० गाठावे लागतात, आणि त्यानंतर २,०००. निसर्ग कुठल्याही पुरुषाला २,००० देत नाही. नैसर्गिक पट्ट्यात दुप्पट होण्याची संधी पुरती दोनदाही येत नाही, आणि तीही प्रामुख्याने तळाशी असलेल्यांना.

तळ खरोखर महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी काही तरुणांचं टेस्टोस्टेरॉन औषधाने जवळजवळ शून्याशी आणलं आणि त्यांच्याकडून आठ आठवडे ताकदीचा व्यायाम करून घेतला. दुसरा गट तोच व्यायाम करत होता, पण त्याची पातळी नैसर्गिक होती. दाबलेल्या गटाची गुडघा सरळ करण्याची ताकद वाढली नाही आणि अंगावर चरबी चढली. नैसर्गिक गटाची ताकद वाढली. टेस्टोस्टेरॉन नसेल तर मेहनतीचं फळ बरंच घटतं हे इथे उघड होतं.

पण तळ नेमका कुठे आहे? २०१३ मध्ये जोएल फिंकेलस्टाइन यांच्या गटाने सुमारे ४०० पुरुषांवर असाच प्रयोग टेस्टोस्टेरॉनचं त्वचेवर लावायचं जेल वापरून केला. स्नायूंचं वस्तुमान आणि मांडीच्या स्नायूंचा आकार घटायला लागला तो पातळी साधारण २०० किंवा त्याखाली गेल्यावर. चरबी मात्र त्याआधीच, ३०० ते ३५० च्या आसपास वाढायला लागली. आणि इथे एक गोष्ट अशी निघाली जी जिममध्ये कुणी बोलत नाही. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्रियांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संप्रेरकात, बदलतो. संशोधकांनी एका गटात हा बदल औषधाने रोखला, तेव्हा टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही चरबी वाढली. पुरुषाची चरबी आटोक्यात ठेवण्यात इस्ट्रोजेनचाही मोठा वाटा असतो. ‘इस्ट्रोजेन ब्लॉकर’ म्हणून काहीबाही गिळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हे सगळं एकत्र ठेवलं की चित्र असं दिसतं: खाली एक तळ आहे, त्याच्या खाली घसरलात तर स्नायू आणि चरबी दोन्हींवर जोरदार परिणाम होतो. वर, निसर्गाच्या पलीकडे, औषधांचं क्षेत्र आहे. तिथेही परिणाम जोरदार असतो. मधल्या पट्ट्यात, जिथे आपल्यातले बहुतेक जण राहतात, चढ अगदी मंद आहे. ४३० आणि ७८० दोन्ही तिथेच आहेत.

मग मित्राचे दंड मोठे का?

कारण बऱ्याच गोष्टी आहेत. तो किती वर्षं व्यायाम करतोय, आठवड्याला प्रत्येक स्नायूसाठी किती सेट करतो, शेवटच्या रेप्स खरोखर अवघड होईपर्यंत नेतो का, प्रथिनं किती खातो, झोपतो किती, हाडांची ठेवण कशी आहे, आणि जन्मजात प्रतिसाद कसा आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून फार छान काम झालं आहे. २०१८ मध्ये तिथे आधीपासून व्यायाम करणाऱ्या ४९ तरुणांना १२ आठवडे ताकदीचा व्यायाम दिला आणि कोणाचे स्नायू किती वाढले ते पाहिलं. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनशी ती वाढ जुळलीच नाही. जुळली ती स्नायूंमधल्या अँड्रोजेन रिसेप्टरच्या प्रमाणाशी. ज्यांच्या स्नायूंत रिसेप्टर जास्त, त्यांचे स्नायू अधिक वाढले. रक्तात किती फिरतंय यापेक्षा स्नायू ते कितपत पकडू शकतो याला वजन आहे, आणि हे कुठल्याही नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही.

त्याच विद्यापीठातला २०१० चा एक प्रयोग जिममधल्या एका जुन्या समजुतीला थेट उत्तर देतो. पायांचा जड व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन उसळी घेतं, म्हणून दंड वाढवायचे असतील तरी स्क्वॉट मारा, असं सांगितलं जातं. उसळी खरी आहे. पण ती काही मिनिटांची असते, तासाभरात पातळी पुन्हा जागेवर येते. संशोधकांनी प्रत्येक माणसाचा एक हात नुसता व्यायाम करून वाढवला आणि दुसऱ्या हाताच्या व्यायामाच्या जोडीला, वेगळ्या दिवशी, पायांचा जड व्यायाम करून घेतला, म्हणजे त्या हाताला संप्रेरकांची उसळी मिळावी. १५ आठवड्यांनी दोन्ही हात सारखेच वाढले होते. स्क्वॉट जरूर मारा. त्याने पाय, नितंब आणि पाठ घडते. दंडांसाठी दंडांचाच व्यायाम लागतो.

अव्वल दर्जाच्या खेळाडूंचं काय? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ क्रीडाप्रकारांतल्या ६९३ अव्वल खेळाडूंचं रक्त स्पर्धेनंतर लगेच तपासलं होतं. त्यातल्या पुरुषांपैकी १६.५ टक्के, म्हणजे सहातला एक, नॉर्मल पट्ट्याच्या खाली निघाला. ताज्या श्रमाचा त्यात वाटा असणार हे खरं. तरीही ही जगातल्या सर्वोत्तम शरीरांची गोष्ट आहे, आणि आकड्यावरून त्यांना ओळखता आलं नसतं. बोलिव्हियातले त्सिमाने हे शेती, शिकार आणि मासेमारीवर जगणारे लोक. तिथल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन अमेरिकी पुरुषांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळलं. दिवसभर अंगमेहनत करणारी, सडसडीत माणसं आहेत ती. संसर्ग आणि मोजकंच अन्न यांना तोंड देताना शरीर या संप्रेरकावर हात राखून खर्च करतं, असं संशोधक त्याचं स्पष्टीकरण देतात.

चरबी आकडा खाली ओढते

आता उलट्या दिशेने पाहू, कारण खरी ताकद इथे आहे.

चरबीच्या पेशींमध्ये अरोमाटेज हे एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त असली की हा बदलही जास्त होतो आणि ते इस्ट्रोजेन मेंदूला ‘पुरे झालं’ असा इशारा देतं. पोटाभोवतीच्या चरबीबरोबर इन्सुलिन वाढतं, त्याने एसएचबीजी घटतं आणि एकूण आकडा पडतो. चरबीतून सुटणारी दाह वाढवणारी द्रव्यं हायपोथॅलॅमसचा संदेशच क्षीण करतात. वजन फार वाढलं की झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू होतो आणि झोप बिघडते. तोही भार वर पडतो.

यात आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायला जनुकांचा आधार घेता येतो. काही लोकांना वजन वाढण्याकडे झुकवणारी जनुकं जन्मतः मिळालेली असतात, काहींना टेस्टोस्टेरॉन कमी ठेवणारी. जन्माच्या वेळी झालेलं हे वाटप कुणी निवडलेलं नसतं, त्यामुळे कारण-परिणाम वेगळे करायला ते उपयोगी पडतं. २०१७ मध्ये अशा पद्धतीने केलेल्या अभ्यासात वजन वाढवणाऱ्या जनुकांमुळे टेस्टोस्टेरॉन कमी होतं हे दिसलं. टेस्टोस्टेरॉन कमी ठेवणाऱ्या जनुकांमुळे वजन वाढतं, असा पुरावा मात्र त्यात मिळाला नाही.

याची आनंदाची बाजू अशी की वजन उतरलं की आकडा चढतो. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आहार सांभाळून सुमारे १० टक्के वजन कमी करणाऱ्या लठ्ठ पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० नॅनोग्रॅमच्या वर वाढलं होतं. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन जवळपास एक तृतीयांशाने उतरलं आणि टेस्टोस्टेरॉन सरासरी २५० नॅनोग्रॅमनी चढलं. एवढी वाढ बाजारातली कुठलीही ‘टेस्ट बूस्टर’ची डबी देत नाही. त्या डब्यांमध्ये हमखास सापडणाऱ्या गोखरूच्या अर्काने निरोगी, व्यायाम करणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढत नाही हे नीट तपासलं गेलं आहे. जस्त आणि ड जीवनसत्त्वाची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढावी. कमतरता नसताना जास्त घेऊन आकडा चढत नाही.

फार सुकलं तरी तेच

चरबी कमी केली की टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून कुणी ती शेवटच्या टोकापर्यंत काढायला गेला, तर चाक उलटं फिरतं. याची सर्वांत बोलकी नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधं न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूला स्पर्धेआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने मोजत राहिले. चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. टेस्टोस्टेरॉन ९२२ वरून २२७ वर. विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर. स्पर्धेच्या मंचावर उभा राहिला तेव्हा बाहेरून तो पौरुषाचा पुतळा दिसत असणार; आतून शरीराने जवळजवळ सगळी दुकानं बंद केली होती. पुन्हा खायला लागल्यावर पुढच्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन पूर्ववत झालं.

अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात आठ आठवडे सैनिकांना दिवसाला सुमारे हजार कॅलरींची तूट, अपुरी झोप आणि अखंड श्रम सोसावे लागत होते. त्यांचं टेस्टोस्टेरॉन वृषणं काढलेल्या माणसाइतकं खाली गेल्याचं आढळलं. त्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की मध्ये अन्न वाढवून दिलं तेव्हा श्रम आणि जागरण चालू असतानाही संप्रेरकं झपाट्याने सावरली. म्हणजे मुख्य मार ऊर्जेच्या तुटीचा होता. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे: दुष्काळ पडलाय असं वाटलं की पुनरुत्पादन आणि महागडे स्नायू यांवरचा खर्च आधी थांबतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं.

जिमच्या भाषेत सांगायचं तर ‘कटिंग’ (चरबी उतरवण्याचा टप्पा) लांबलं, कॅलरी फार कापल्या आणि वर रोज तासभर कार्डिओ केला, तर कामेच्छा मरते, चिडचिड होते, वजनं हलेनाशी होतात आणि रिपोर्ट खराब येतो. असा रिपोर्ट घेऊन इंजेक्शनाच्या मागे लागणारे तरुण बघितले की वाईट वाटतं. त्यांना हवं असतं जेवण आणि काही आठवड्यांचा आराम. दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत वजन उतरवणं, किलोमागे १.६ ग्रॅम किंवा थोडं जास्त प्रथिन खाणं आणि ताकदीचा व्यायाम चालू ठेवणं, एवढ्यावर स्नायू बऱ्यापैकी टिकतात. आहारातली चरबी अगदी नाममात्र ठेवू नये. फार कमी चरबीच्या आहारात टेस्टोस्टेरॉन थोडं घटतं असं दिसलं आहे.

झोपेबद्दल एकच नोंद पुरे. २०११ मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. वयाने एवढी घट व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, कारण मध्यम वयानंतर एकूण पातळी साधारण वर्षाला एक टक्का या चालीने कमी होते.

शरीर मोजायचं कसं

पातळीपेक्षा शरीरच मोजा असं मी म्हणेन, पण मोजमापाच्या मर्यादा ओळखून. घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून मिळणारी चरबीची टक्केवारी विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून काढलेली असते आणि शरीरातलं पाणी इकडचं तिकडे झालं की ती बदलते. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी केलेलं मोजमाप) बरा, पण तोही पाण्याला बिनचरबीच्या वजनातच धरतो. कंबरेचा घेर टेपने, सकाळी, एकाच जागी मोजला तर तो फार प्रामाणिक साक्षीदार ठरतो.

स्नायू किती आहेत हे उंचीच्या हिशोबाने बघायला एफएफएमआय वापरतात: बिनचरबीचं वजन किलोमध्ये, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग. उंची १.७५ मीटर, वजन ७५ किलो, चरबी १५ टक्के असेल तर बिनचरबीचं वजन ६३.७५ किलो आणि एफएफएमआय २०.८. १९९५ मध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मिळून १५७ पुरुषांच्या अभ्यासात न घेणारे २५ च्या आसपास थांबत असल्याचं दिसलं. ती पोलादी भिंत नाही, काही माणसं नैसर्गिकरीत्या ती ओलांडतात. तरीही पाच टक्के चरबी आणि प्रचंड स्नायू अशी शरीरं रोज पडद्यावर पाहून आपलं टेस्टोस्टेरॉन कमी असावं असा निष्कर्ष काढणाऱ्याने ही तुलना कुणाशी चालली आहे याचा विचार करावा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

काही पुरुषांना खरोखर कमतरता असते आणि त्यांनी उपचार घ्यायलाच हवेत. सकाळचं ताठरपण नाहीसं होणं, कामेच्छा दीर्घकाळ मंदावणं, दाढी-अंगावरचे केस विरळ होणं, छातीत गाठीसारखा उभार येणं, वृषणं लहान होणं, मूल न होणं, किरकोळ कारणाने हाड मोडणं, अशी लक्षणं असतील तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला (संप्रेरकांच्या तज्ज्ञाला) भेटावं. नुसता थकवा किंवा जिममध्ये प्रगती थांबणं यामागे इतर पुष्कळ कारणं असू शकतात. डॉक्टर सकाळचे दोन नमुने, एलएच आणि पिट्युटरीचीच एफएसएच व प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं, आणि गरज पडल्यास एसएचबीजी बघतील. एलएच जास्त आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर अडचण वृषणांत असते. दोन्ही कमी असतील तर मेंदूच्या बाजूला, किंवा लठ्ठपणा, उपासमार, वेदनाशामक अफूजन्य औषधं यांपैकी कशात तरी.

मूल हवं असेल तर हे आधीच सांगून ठेवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच दोन्ही थांबवतो. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, तेव्हाच शुक्राणू बनतात. हुकूम थांबला की ती आतली पातळी कोसळते, मग रक्तातला आकडा कितीही देखणा असो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला अनेक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि मोठ्या डोसच्या स्टेरॉइडच्या सायकली वर्षानुवर्षं केलेल्या काहींचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा पूर्वपदावर येत नाही. मूल हवं असणाऱ्यांसाठी वृषणांना काम करत ठेवणारे वेगळे उपचार आहेत, आणि त्यांची निवड पहिल्या इंजेक्शनाच्या आधी करायची असते.